पुळणीच्या पायथ्याशी : ज्येष्ठांसह केळशीचा समुद्र

सोलापूर जिल्ह्यातील माणसाला वाळूचे अप्रूप नसते. चंद्रभागेचे वाळवंट ही त्याची पहिली वाळू. आषाढी-कार्तिकीला वडीलधाऱ्यांचे बोट धरून आपण त्या वाळवंटात उभे राहिलो, पाऊल रुतले की हसलो आणि टाळ-मृदंगाच्या नादात पायांचा थकवा विसरलो. समुद्राची वाळू मात्र आपल्यातील अनेक ज्येष्ठांच्या वाट्याला आलेली नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर, ज्वारीच्या काळ्या रानांत वसलेल्या या गावातून समुद्र गाठायचा, तर मध्ये सह्याद्री आडवा येतो. तरुणपणी नोकरी, गिरणी, शेत, मुलांच्या शाळा यांतून सवड मिळाली नाही. सवड मिळाली तेव्हा गुडघे कुरकुरू लागले. मग घरात एक वाक्य रूढ होते : “आता त्यांना कुठे झेपणार!”

वाचकहो, हे वाक्य उच्चारण्यापूर्वी थोडे थांबावे, एवढ्यासाठीच हा लेख. ज्येष्ठांना प्रवास झेपत नाही असे नव्हे. तरुणांच्या वेगाने आखलेला प्रवास त्यांना झेपत नाही. तीन दिवसांत सात ठिकाणे पाहण्याचा बेत असेल, तर त्यांना घरी ठेवणेच बरे. पण एकच किनारा, एकच गाव आणि दिवसातून एक-दोन तास समुद्रासमोर शांत बसणे, एवढाच बेत असेल, तर वयाची सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेल्या अनेकांना तो डॉक्टरांच्या संमतीने सहज पेलतो. अशा बेतासाठी रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील केळशी हे गाव सुचवावेसे वाटते. तेथे लांबलचक पुळण आहे, जवळच खडकाळ कडे आहेत आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर विरळाच दिसणारी वाळूची उंच टेकडीही आहे.

वाट : दोन दिवसांची, एका दिवसाची नव्हे

सोलापूरहून पंढरपूर, पुढे विटामार्गे कराड. कराडहून पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. तेथून खेड, दापोली आणि शेवटी केळशी. हे अंतर चारशे किलोमीटरांच्या आसपास भरते. तरुण चालक हे एका दिवसात कापतील. ज्येष्ठ सोबत असताना तसे करू नये. पहिला मुक्काम कराडला करावा. तेथे राहण्याच्या सोयी चांगल्या आहेत, मोठी रुग्णालये आहेत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारव्यात ताज्या अंगाने घाट उतरता येतो. ज्यांना रेल्वे सोयीची वाटते त्यांच्यासाठी कोकण रेल्वेचे खेड हे स्थानक जवळचे आहे. परंतु सोलापूरहून तेथे पोहोचण्यास गाडी बदलावी लागते आणि जिने, फलाट व सामान यांची दगदग ज्येष्ठांना अधिक जाणवते.

दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवावी आणि पाच-दहा मिनिटे पायी चालवावे. बराच वेळ पाय लोंबकळत ठेवून बसल्याने पायांवर सूज येते आणि शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. गाडीत बसल्या बसल्याही घोट्यापासून पाऊल वर-खाली हलवत राहणे हा सोपा व्यायाम आहे. येथे एक नाजूक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रवासात स्वच्छतागृह मिळेल की नाही या संकोचाने अनेक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि तसे बोलूनही दाखवत नाहीत. म्हणून “लघवीला थांबायचे का?” असे दरवेळी त्यांना विचारत बसू नये, थांबे आपणच आधी ठरवावेत आणि सर्वांनीच उतरावे. विचारण्याचा भार गेला की पाणी पिणे आपोआप सुरू होते.

घाटात मळमळ होत असल्यास पुढच्या आसनावर बसवावे, दृष्टी दूरच्या रस्त्यावर ठेवण्यास सांगावे आणि पोट अर्धे भरलेले असावे. मळमळीवर दुकानात सहज मिळणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःहून देऊ नयेत. त्यांतील काहींमुळे ज्येष्ठांना गुंगी येते, गोंधळल्यासारखे होते, आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते. निघण्यापूर्वी डॉक्टरांना हा एक प्रश्न अवश्य विचारावा.

हवा : वाळणारा घाम आणि वाहणारा घाम

सोलापूरच्या माणसाला उन्हाची भीती दाखवण्यात अर्थ नाही. एप्रिल-मेची काहिली त्याने उभा जन्म सोसलेली असते. पण आपले ऊन कोरडे आहे. आपल्याकडे घाम येतो आणि लगेच वाळतो. वाळताना अंगाची उष्णता घेऊन जातो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, तो नुसता वाहतो. अंगातील पाणी व मीठ जाते, शरीर मात्र थंड होत नाही. त्यामुळे तापमापकावरचा आकडा सोलापूरपेक्षा कमी असला, तरी थकवा अधिक येतो. त्यातच वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते. रक्तदाबासाठी किंवा हृदयविकारासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर पाणी कमी पडण्याचा संभव आणखी वाढतो. उलट ज्यांना पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे त्यांनी मनाने प्रमाण वाढवणेही योग्य नाही. दोन्ही प्रकारांत डॉक्टरांकडून प्रमाण लिहून घ्यावे.

नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ या प्रवासास उत्तम. हवा त्या मानाने कोरडी असते, सकाळी हलका गारठा असतो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. त्या दिवसांत ज्येष्ठांना घेऊन किनाऱ्यावर उतरू नये.

केळशी : वाळूची टेकडी

केळशी हे भारजा नदीच्या मुखाशी वसलेले गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, जांभ्या दगडाचे गडगे, घुमटाचे महालक्ष्मी मंदिर आणि याकूबबाबांचा दर्गा ही गावाची ओळख. देवीचा उत्सव चैत्रात असतो. गावाच्या दक्षिणेस उटंबरचा डोंगर समुद्रात शिरलेला दिसतो. डोंगर आणि नदीचे मुख यांच्यामध्ये पसरली आहे ती पुळण. कोकणात वाळूच्या किनाऱ्याला पुळण म्हणतात. गणपतीपुळे या नावातही हाच शब्द डोकावतो.

नदीच्या मुखाजवळ या पुळणीवर वाळूची एक मोठी टेकडी उभी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी या टेकडीचा अभ्यास केला. तिच्या थरांमध्ये खापरे, कोळसा, नाणी असे मानवी वावराचे अवशेष मिळाले आणि ही साधी वाळूची रास नसून किनाऱ्याच्या इतिहासाची वहीच आहे, हे ध्यानात आले. समुद्राच्या एखाद्या मोठ्या उत्पाताशी तिचा संबंध असावा, असाही विचार अभ्यासकांनी मांडला आहे.

अशा टेकड्या कशा होतात, हे समजून घेतले तर पाहण्यात गोडी वाढते. ओहोटीला समुद्र मागे हटतो, ओली वाळू उन्हात सुटी होते आणि वारा तिचे कण जमिनीकडे उडवतो. वाटेत एखादा ओंडका, शिंपल्यांचा ढीग किंवा वेल आडवी आली की वाऱ्याचा वेग तेथे मंदावतो आणि कण खाली पडतात. वेल वाळूखाली गाडली जाते, पुन्हा वर येते, पुन्हा वाळू अडवते. ही वेल म्हणजे मर्यादवेल. तिची दुभंगलेली पाने पाहून आपल्याला दसऱ्याचा आपटा आठवेल. फुले जांभळट गुलाबी, घंटेसारखी. पेरापेराला मुळे फुटत ती वाळूवर पसरत जाते. समुद्राला आणि वाळूला मर्यादेत ठेवणारी म्हणून मर्यादवेल, असे तिचे नाव मोठे अर्थपूर्ण वाटते. कोकणच्या अनेक पुळणींवर तिच्या जोडीला ‘रावणाच्या मिशा’ हे ताठ, टोकदार गवतही दिसते. त्याचे काटेरी गोळे वाऱ्याबरोबर वाळूवर गडगडत जातात.

या वाळूच्या राशी गावाच्या पाठीराख्या असतात. उधाणाचे पाणी आणि वादळी लाटा यांचा पहिला तडाखा त्या सोसतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आले, तेव्हा दापोली-मंडणगड भागातील नारळी-पोफळीच्या बागा मोठ्या प्रमाणात उन्मळून पडल्या. त्या वादळाने किनाऱ्यावरील प्रत्येक नैसर्गिक आडोशाचे मोल सर्वांच्या लक्षात आणून दिले. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत वाळूच्या टेकड्यांचा समावेश सर्वाधिक संवेदनशील वर्गात केला आहे, तो याच कारणाने.

वाळू आणि पाऊल

आता मुख्य प्रश्न : ज्येष्ठांनी वाळूत चालावे का? चालावे, परंतु कोणत्या वाळूत आणि किती, हे ठरवून. कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालण्यास कठीण जमिनीपेक्षा दुपटीहून अधिक शक्ती लागते. पाऊल टेकले की जमीन खालून सरकते. घोटा, गुडघा आणि कंबर यांना दर पावलाला तोल नव्याने सावरावा लागतो. तरुणाला हा व्यायाम वाटेल. गुडघ्याची झीज झालेल्या, चक्कर येणाऱ्या किंवा हृदयाचे दुखणे असलेल्या व्यक्तीला हा भार आहे. घरी सपाट जमिनीवर जेवढे अंतर न थांबता चालता येते, त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कोरड्या वाळूत पहिल्या दिवशी चालू नये, असा सावध हिशेब ठेवावा. आणि जितके जायचे, तितकेच परत यायचे असते, हे विसरू नये.

पाण्यालगतची ओली, दबलेली वाळू मात्र घट्ट असते. चालायचे ते तिच्यावर. ती मोठ्या रुंदीने उघडी पडते ओहोटीला. म्हणून ओहोटीची वेळ गाठणे महत्त्वाचे. यासाठी कोकणातील एक जुना ठोकताळा उपयोगी आहे. शुद्ध किंवा वद्य पक्षातील तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या वाजण्याच्या सुमारास भरती पूर्ण होते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी व सायंकाळी सहाच्या आसपास पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी सव्वाअकराच्या आसपास भरती आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी, सायंकाळी साडेपाचच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अमावास्येलाही पंधराच धरावेत.

यावरून आपल्या कामाचा निष्कर्ष असा की, सायंकाळी किनाऱ्यावर बसायचे असेल, तर त्रयोदशी ते पौर्णिमा किंवा अमावास्या हे दिवस सोयीचे. त्या दिवसांत दुपारी चार ते साडेपाचच्या सुमारास पाणी सर्वांत मागे गेलेले असते, वाळू रुंद व घट्ट असते. अष्टमीच्या आसपास मात्र सायंकाळी भरती असते आणि चालण्यास कोरडी वाळूच उरते. हा ठोकताळाच आहे, घड्याळ नव्हे. गावातील कोळी बांधवांना विचारून खात्री करून घ्यावी. पौर्णिमा-अमावास्येची भरती मोठी असते, तेव्हा पाणी वळल्याचे दिसताच सावकाश मागे निघावे. ज्येष्ठांना घाई करावी लागू नये, हाच वेळ साधण्याचा हेतू.

मधुमेह असलेल्यांनी अनवाणी चालण्याचा मोह आवरावा. मधुमेहात तळपायांची संवेदना कमी होऊ शकते. दुपारच्या तापलेल्या वाळूने भाजले, शिंपल्याच्या कडेने कापले, तरी कळत नाही आणि ती जखम पुढे चिघळते. बोटे झाकणारी, मागे पट्टा असलेली, पायातून न निसटणारी पादत्राणे घालावीत. परतल्यावर गोड्या पाण्याने पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवे उजेडात नीट पाहावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर घरातील दुसऱ्याने पाहावेत. पायावर उघडी जखम असल्यास समुद्राच्या पाण्यात पाय घालू नयेत.

चाकांची खुर्ची कोरड्या वाळूत रुतते. तिच्याशी झटापट करण्यापेक्षा हात टेकवायला कडा असलेली साधी खुर्ची न्यावी. जमिनीवर बसवू नये, उठताना तारांबळ उडते. खुर्चीचे पाय वाळूत एका बाजूने खचतात आणि खुर्ची कलंडते, म्हणून खाली फळी ठेवावी. फळी नसेल तर आपली सोलापुरी चादर चार पदरी घडी करून अंथरावी आणि माणूस बसवण्यापूर्वी खुर्ची दाबून पाहावी. बराच वेळ बसल्यानंतर एकदम उठू नये. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना अशा वेळी भोवळ येऊ शकते. आधी पाय हलवावेत, मग आधार घेऊन उभे राहावे, क्षणभर थांबावे आणि मगच पाऊल टाकावे.

टेकडी चढायची नाही

वाळूची टेकडी समोर दिसली की तरुणांचे पाय शिवशिवतात. ज्येष्ठांनाही धरून वर न्यावे, वरून समुद्र दाखवावा, छायाचित्र घ्यावे, असा आग्रह सुरू होतो. गेल्या पौषात आमच्या कुटुंबातही तो झाला. सासूबाईंचे वय ७८. उभे आयुष्य विड्या वळण्यात गेलेले, समुद्र प्रथमच पाहत होत्या. दोन नातू त्यांना खुर्चीसकट उचलून वर न्यायला निघाले, तेव्हा त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि म्हणाल्या, “हितंच बसू द्या की मला. वर जाऊन बी समुद्र तोच हाय.” मग त्यांनी टेकडीची मूठभर वाळू मागितली. बराच वेळ ती बोटांमधून गाळत बसल्या. विड्या वळताना तंबाखूची चिमूट जोखणारी ती बोटे. “चंद्रभागेची वाळू जाड. ही पिठागत हाय,” असे त्या आपल्याशीच पुटपुटल्या.

त्यांचे निरीक्षण अचूक होते. नदीचे पाणी जाड-बारीक सर्वच कण वाहून आणते. वारा मात्र आपल्याला पेलतील तेवढे बारीक कणच उचलतो. टेकडीची वाळू पिठासारखी असते, ती वाऱ्याने चाळलेली असते म्हणून. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांच्या बोटांना ते कळले.

टेकडी न चढण्याची दोन कारणे आहेत, आणि दोन्ही सारखीच महत्त्वाची. उतारावरची वाळू पावलाखालून घसरते. चढताना छाती भरून येते आणि उतरताना गुडघ्यांवर सगळा भार येतो. वयस्क हाडांना एक पडणेही महाग पडू शकते. दुसरे कारण टेकडीचे स्वतःचे. एकाच वाटेने पावले पडत राहिली की मर्यादवेल तुटते, मुळे उघडी पडतात आणि वारा त्याच जागी वाळू उकरू लागतो. अनेक वर्षांत रचलेले थोड्या दिवसांत विस्कटते. म्हणून घरातील तरुणांनाही खालूनच पाहण्यास सांगावे. पायथ्याशी बसलेले ज्येष्ठ आणि न तुडवलेली टेकडी, दोघांचेही हित एकाच गोष्टीत आहे. पायथ्याशी पाहण्यासारखे पुष्कळ असते : वाळूवर वाऱ्याने काढलेल्या लहरी, बिळातून डोकावून क्षणात नाहीसे होणारे खेकडे, पक्ष्यांच्या पावलांची नक्षी.

भरतीरेषेच्या वरच्या याच कोरड्या वाळूत सागरी कासवे अंडी घालतात. केळशीपासून जवळच, नदीपलीकडील वेळास येथे चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने २००२ पासून कासवांच्या संरक्षणाचे काम उभे केले. किनाऱ्यावर जाळीचे कुंपण दिसले, तर त्यापासून दूर राहावे आणि रात्री विजेरीचे झोत पाण्याकडे टाकू नयेत.

खडकाळ किनारा : गाडीतून, कड्यावरून

केळशीहून दक्षिणेस उटंबर, आडे, पाडले अशी गावे ओलांडीत आंजर्ल्याकडे रस्ता जातो. काळ्या खडकांवर आपटणाऱ्या लाटा, मध्येच एखादी छोटी पुळण, पुन्हा डोंगर, असा हा भाग आहे. ज्यांना चालणे अजिबात शक्य नाही, त्यांनाही तो गाडीत बसून पाहता येतो. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपर्यंत वाहन वर जाते. तेथून खाली पसरलेला समुद्र, माडांची दाटी आणि दूर हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग दिसतो. उंचीवरून समुद्र पाहण्याची हौस येथे, पायांना त्रास न देता फिटते.

खडकांवर मात्र उतरू नये. भरतीच्या पाण्याने भिजणाऱ्या खडकांवर शेवाळ असते, कालवांच्या धारदार कडा असतात आणि एखादी लाट इतरांपेक्षा बरीच मोठी येते. काठी घेऊन चालणाऱ्यांची काठीच तेथे आधी घसरते.

ताट, औषधे आणि रात्र

कोकणचे ताट आपल्या ताटाहून निराळे. भात, नारळ, मासे, सोलकढी. भाकरी असलीच तर बहुधा तांदळाची. पहिल्या दिवशी पोटाला एकदम बदल नको. आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोबत असावी; ती बरेच दिवस टिकते आणि परक्या ठिकाणी ज्येष्ठांना दोन घास अधिक जातात. मधुमेहींनी भाताचे प्रमाण बेताने ठेवावे. शहाळे उत्तमच, पण त्यात पोटॅशियम पुष्कळ असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी व काही विशिष्ट रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. सोलकढीत व कोकमाच्या सरबतात मीठ-साखर किती आहे, हेही विचारून घ्यावे.

इन्सुलिन उभ्या गाडीत ठेवू नये. बंद गाडी उन्हात फार तापते. ते थंड पिशवीत ठेवावे, मात्र बर्फाला थेट चिकटू देऊ नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. सर्व औषधे दोन ठिकाणी विभागून ठेवावीत, म्हणजे एक पिशवी राहिली तरी खंड पडत नाही. नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल, तर वारा व वाळू यांपासून डोळा जपावा लागतो. नेत्रतज्ज्ञांनी मोकळीक देईपर्यंत हा प्रवास पुढे ढकलावा.

विस्मरणाचा आजार असलेल्या व्यक्तीस नव्या जागी, विशेषतः दिवेलागणीनंतर, भांबावल्यासारखे होते. त्यांच्यासाठी घरचीच उशी, घरचीच चादर न्यावी. ओळखीचा स्पर्श मनाला स्थिर ठेवतो. खोलीतून न्हाणीघरापर्यंत रात्रभर मंद दिवा असावा. खिशात नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी असावी आणि किनाऱ्यावर कोणीतरी एकाने सतत त्यांच्याजवळच थांबावे.

हे सांभाळणाऱ्यांविषयीही दोन शब्द. घरात जी व्यक्ती वर्षभर औषधे देते, रात्री उठते, ती प्रवासातही तेच करीत राहिली, तर तिचा प्रवास झालाच नाही. किनाऱ्यावर पाळ्या लावून घ्याव्यात. तासभर दुसऱ्याने ज्येष्ठांजवळ बसावे आणि त्या व्यक्तीने पुळणीच्या दुसऱ्या टोकापर्यंत एकटीने चालून यावे. तिलाही समुद्र पाहायचा असतो.

निघण्यापूर्वी

• डॉक्टरांची भेट, औषधांची यादी व जुन्या अहवालांच्या प्रती.
• खोली तळमजल्यावर आहे का, कमोडची सोय व न्हाणीघरात आधाराची कडी आहे का, याची आधीच चौकशी.
• पंचांग पाहून ओहोटीची वेळ. दुपारी ११ ते ४ किनारा टाळणे.
• टोपी, काळा चष्मा, पट्ट्याची पादत्राणे, काठी, कडेची खुर्ची, चादर, पाण्याची बाटली.
• दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक घरातील प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीत नोंदलेला असावा.
• छातीत दुखणे, धाप, अचानक बोलण्यात अडखळणे, एका बाजूचा अशक्तपणा, गोंधळलेली अवस्था यांपैकी काहीही दिसल्यास “थोडे पडून राहा” असे न म्हणता लगेच मदत मागणे.

एवढी तयारी पाहून काहींना वाटेल की, यापेक्षा घर बरे. परंतु ही सारी तयारी एका संध्याकाळी यादी करून संपते. पौष-माघातील त्रयोदशी-चतुर्दशी पंचांगात आजच पाहून ठेवा, आणि प्रवासाचा दिवस ठरवण्यापूर्वी ज्यांच्यासाठी हा बेत आहे त्यांना जवळ बसवून विचारा : समुद्र पाहायचा का, आणि किती वेळ? उत्तर “अर्धा तास” असे आले, तरी त्या अर्ध्या तासासाठी ही वाट चालण्याजोगी आहे.